एका शेताचे तीन नकाशे : जमीन-वापर नियोजन कुठे अडते आणि आपण काय करावे

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे पूर्वीपासून दोन भाग मानले जात. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे कसण्याची जमीन. आज ही रेघ जवळजवळ पुसली गेली आहे. शहराजवळच्या गावात उसाच्या फडाला लागून प्लॉटचे दगड दिसतात. माळावर मुरमात सोयाबीन पेरलेले असते, तर खोल काळी जमीन बिगरशेती होऊन तिच्यावर गोदाम उभे राहते. दुसरीकडे जमीन वाढत नाही आणि वाटण्या थांबत नाहीत. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीन धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली.

कोणती जमीन कशासाठी वापरावी हे विचारपूर्वक ठरवणे म्हणजे जमीन-वापर नियोजन. हे काम सरकारी पातळीवर होत नाही असे नाही. अडचण अशी आहे, की ते तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या कार्यालयांत आणि वेगवेगळ्या नकाशांवर होते. हे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळल्याचा तोटा शेवटी खातेदाराला सोसावा लागतो. पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी, वाटणी, भूसंपादनाचा मोबदला या सगळ्या ठिकाणी हा तोटा दिसतो. म्हणून आपल्या शेताचे हे नकाशे समजून घेणे गरजेचे आहे.

तीन नकाशे कोणते?

• मातीचा नकाशा : जमिनीची खोली, पोत, उतार, निचरा, चुनखडी व क्षार यांवरून तयार होतो. देशपातळीवर हे काम नागपूर येथे मुख्यालय असलेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो करतो.

• महसुलाचा नकाशा : गाव नकाशा, गट किंवा सर्व्हे नंबर, सातबारा आणि आठ-अ. मालकी, क्षेत्र, आकार आणि पीक यांची नोंद येथे असते. नोंदी महसूल विभागाकडे, तर मोजणी व नकाशे भूमी अभिलेख विभागाकडे असतात.

• नगररचनेचा नकाशा : प्रादेशिक योजना किंवा विकास योजना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तो तयार होतो. कोणते क्षेत्र रहिवासी, औद्योगिक, शेती किंवा वन विभागात आहे आणि प्रस्तावित रस्ते कुठून जाणार, हे त्यावर असते.

यातील प्रत्येक नकाशाचा उद्देश वेगळा आणि प्रमाणही वेगळे आहे. उदाहरणार्थ, राज्याचा मृदा नकाशा १ : २,५०,००० या प्रमाणावर तयार झाला. त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. एक हेक्टरचे चौकोनी शेत त्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान दिसेल. असा नकाशा जिल्ह्याचे धोरण ठरवायला उपयोगी आहे. तुमच्या गटात कुठे तूर आणि कुठे हरभरा घ्यावा हे त्यावरून कळणार नाही. उलट सातबाऱ्यावर गट अचूक सापडतो, पण त्याच्या खाली माती किती खोल आहे याचा पत्ता लागत नाही.

माती काय सांगते?

भूमी क्षमता वर्गीकरणात जमिनीचे आठ वर्ग केले जातात. पहिले चार वर्ग लागवडीयोग्य मानतात. पहिल्या वर्गात मर्यादा नगण्य असतात. चौथ्या वर्गात पिकांची निवड फार मर्यादित होते आणि धूप रोखण्याची कामे अनिवार्य ठरतात. पाच ते आठ हे वर्ग गवत, चराई, वनशेती, वन आणि वन्यजीव यांसाठी योग्य समजले जातात.

आपल्या बसाल्ट खडकाच्या पठारावर एकाच गटात दोन-तीन वर्ग सापडणे नेहमीचे आहे. वरच्या टोकाला मुरमाड हलकी जमीन, मध्ये मध्यम काळी आणि ओढ्याकाठी भारी. कोरडवाहू शेतीत पीक निवडताना सर्वांत आधी खोली पाहावी, कारण जमिनीत किती ओल साठते ते बहुतांशी खोलीवर ठरते.

• २२.५ सें.मी. पेक्षा उथळ : गवत, वनशेती, सीताफळ, बोर, फार तर हुलगा, मटकी.
• २२.५ ते ४५ सें.मी. : बाजरी, तूर, मूग, उडीद, सूर्यफूल, बाजरी + तूर आंतरपीक.
• ४५ ते ९० सें.मी. : खरिपात सोयाबीन, तूर, रब्बीत ज्वारी, करडई.
• ९० सें.मी. पेक्षा खोल : खरिपात मूग किंवा उडीद आणि त्यानंतर रब्बी ज्वारी किंवा हरभरा अशी दुबार पेरणी.

ही खोली मृदा आरोग्य पत्रिकेत मिळत नाही. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ घटकांची माहिती असते. ती खत व्यवस्थापनासाठी उपयुक्त आहे. मात्र जमीन कोणत्या वापराला योग्य आहे हे ठरवण्यासाठी खड्डा खोदूनच पाहावे लागते.

चुकीचा वापर निवडल्यास काय होते, याची दोन उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. विदर्भात निचरा न होणाऱ्या भारी, चुनखडीयुक्त जमिनीवर संत्र्याच्या बागा लावल्या गेल्या. तेथे झाडांची मुळे कुजणे, डिंक्या आणि अकाली ऱ्हास या तक्रारी वाढतात. सांगली, कोल्हापूर भागात कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे उसाला अतिपाणी दिले गेले आणि नैसर्गिक निचऱ्याचे ओढे-नाले बुजले. तेथील अनेक जमिनी क्षारपड व पाणथळ झाल्या. क्षारपड जमीन सुधारण्यासाठी सच्छिद्र पाइपची भूमिगत निचरा प्रणाली वापरता येते. पण एकट्याने पाइप टाकून भागत नाही. पाणी बाहेर जायला खालच्या शेतांतून वाट लागते. म्हणजे पीक निवडणे हा एकेकाचा निर्णय असला, तरी त्याचा परिणाम साऱ्या शिवारावर होतो. नियोजनाची गरज नेमकी येथे निर्माण होते.

सातबारा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यात जी जमाबंदीची पद्धत बसवली, तिच्यात मातीची खोली, पोत-रंग आणि दोष पाहून जमिनीची प्रत ठरवली जात असे. उद्देश अर्थात सारा ठरवण्याचा होता, पण निदान माती तपासली जात होती. आज सातबाऱ्यावर दिसणारा ‘आकार’ हा त्या जुन्या प्रतवारीचाच वारसा आहे. त्यानंतर कालवे आले, विहिरी झाल्या, वरची माती वाहून गेली, कुठे गाळ भरून जमीन सुधारली. यातले फार थोडे त्या आकड्यात उतरले आहे.

सातबाऱ्यात पुढील ठिकाणी तफावत आढळते :

१. पोटखराब : वर्ग ‘अ’ म्हणजे खडक, नाला, खाण अशा कारणांनी लागवडीस अयोग्य धरलेले क्षेत्र. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले क्षेत्र. अनेकांनी वर्ग ‘अ’ची जमीन गाळ-माती भरून लागवडीखाली आणली आहे; पण नोंद जुनीच असल्याने ते क्षेत्र लागवडीयोग्य म्हणून मोजले जात नाही. ही नोंद बदलून घेण्याची तरतूद आहे. वर्ग ‘ब’ला ती लागू नाही.

२. पीक पाहणी : गाव नमुना १२ मधील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करत. एका सज्जात अनेक गावे असल्याने प्रत्येक बांधावर जाऊन पाहणी होणे कठीण होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहून छायाचित्रासह नोंद करण्याची सोय खातेदाराच्या हाती आली. ही नोंद न केल्यास तुमच्या शेतात काय उभे होते याचा सरकारी पुरावा राहत नाही. पीकविमा, नैसर्गिक आपत्तीची मदत आणि हमीभाव केंद्रावरील खरेदी यांत ही नोंद पाहिली जाते.

३. विहीर, झाडे, रस्ता : विहीर किंवा बोअर, फळझाडे, सामाईक विहिरीतील हिस्सा आणि वहिवाटीचा रस्ता यांची नोंद नसल्यास वाटणीत वाद होतो आणि भूसंपादनात मोबदला कमी मिळण्याचा धोका असतो.

४. ताबा एकाचा, नाव दुसऱ्याचे : १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावांत गट पाडले गेले. काही ठिकाणी कागदावर अदलाबदल झाली, पण प्रत्यक्ष वहिवाट जुनीच राहिली. असे वाद मिटवण्यासाठी २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजना आली. किमान १२ वर्षे परस्परांच्या जमिनीचा ताबा असलेले दोन शेतकरी नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क व १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करू शकतात. योजनेची मुदत तहसील कार्यालयात विचारून घ्यावी.

वाटणीचे क्षेत्र आणि उताराचे गणित

तुकडेबंदीसाठी २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरवण्यात आले. कायदा तुकड्याचे क्षेत्र पाहतो. तुकड्याचा आकार आणि दिशा पाहत नाही. प्रत्यक्षात भाऊ-भाऊ वाटणी करताना प्रत्येकाला हलकी आणि भारी दोन्ही जमीन मिळावी म्हणून गट वरून खाली उभा चिरतात. न्याय म्हणून हे बरोबर आहे, पण शेती म्हणून महाग पडते. पट्टा अरुंद झाला की औत किंवा ट्रॅक्टर उताराच्या दिशेनेच चालतो, सऱ्या उताराला पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्यात जाते.

यावर उपाय आहे. सातबारा वेगळा झाला तरी मशागत आणि बांधबंदिस्ती एकत्र ठेवता येते. समपातळी बांध सगळ्या पट्ट्यांतून आडवा घ्यावा, पेरणी उताराला आडवी करावी, सांडवा सामाईक ठेवावा. शक्य असल्यास उभ्याऐवजी आडवी वाटणी करून हलक्या जमिनीच्या वाट्याला जास्त क्षेत्र द्यावे. वाटणीपत्रातच विहिरीचा हिस्सा, पाइपलाइन आणि रस्ता लिहून ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद करून घ्यावी.

नगररचनेचा नकाशा : शेती ‘उरलेली’ जागा का ठरते?

प्रादेशिक योजना करताना लोकसंख्या, रस्ते, उद्योग आणि वस्तीची गरज यांचा हिशेब मांडला जातो. या गोष्टींसाठी जागा निश्चित झाल्यावर जे क्षेत्र शिल्लक राहते ते बहुधा शेती विभागात टाकले जाते. त्या क्षेत्रातील कोणती जमीन पहिल्या-दुसऱ्या क्षमता वर्गातील आहे आणि कोणती मुरमाड, हा फरक नकाशाच्या रंगात दिसत नाही. परिणामी रस्त्यालगतची, सपाट आणि पाण्याची जमीन सर्वांत आधी बांधकामाखाली जाते. सपाट व खोल जमीन शेतीलाही हवी असते आणि बिल्डरलाही. गावठाणालगतच्या, पिढ्यान्‌पिढ्या शेणखत पडलेल्या जमिनीचेही तेच होते. कारण गावठाण हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचे बिगरशेती रूपांतर महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे सोपे झाले आहे. घर बांधणाऱ्याला ही सोय आवश्यक आहे. मात्र चांगली माती वेगळी राखण्याची सोय तिच्यासोबत आलेली नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम १० नुसार बहुपीक बागायती जमीन अपवादात्मक परिस्थितीत, शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे आहे. परंतु महामार्ग, रेल्वे, कालवा, वीजवाहिनी अशा रेषीय प्रकल्पांना हे कलम लागू नाही. शिवाय जमीन ‘बहुपीक बागायती’ आहे हे सिद्ध कशावरून होणार? नोंदीवरूनच. शेतात दोन पिके निघतात, पण सातबाऱ्यावर जिरायत आणि एकच पीक असेल, तर कायद्याचे हे संरक्षण मागताना हातात कागद राहत नाही.

योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. अनेक शेतकऱ्यांना आपल्या गटावर रस्ता किंवा आरक्षण आल्याचे मुदत संपल्यावर कळते. हरकत गट नंबरासह, लेखी आणि मुदतीतच द्यावी लागते.

कारभाराची गाठ कुठे बसते?

एका हेक्टर जमिनीशी संबंध असलेली कार्यालये मोजून पाहा. नोंदी ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), मंडळ अधिकारी व तहसीलदारांकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, झोन नगररचनेकडे, पीक सल्ला कृषी विभागाकडे, बांधबंदिस्ती व जलसंधारण वेगळ्या विभागाकडे, कालव्याचे पाणी जलसंपदाकडे, डोंगराकडेची जमीन वन विभागाकडे. प्रत्येकाचे काम आवश्यक आहे, पण आपले शेत या सगळ्यांच्या समोर एकत्र येण्याची जागा नाही.

राज्यघटनेनुसार जमीन हा राज्याचा विषय आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जमीन सुधारणा, एकत्रीकरण व मृदसंधारण हे विषय पंचायतींकडे सोपवण्यायोग्य मानले आणि ७४ व्या दुरुस्तीने जमीन-वापराचे नियमन नगरपालिकांच्या यादीत घातले. शहर आणि गाव यांच्या सीमेवरचे शिवार या दोन व्यवस्थांच्या मध्ये सापडते, आणि जमीन सर्वांत वेगाने बदलते ती नेमकी तेथेच.

गावाने ठरवले तर

नियोजन वरूनच व्हावे असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या दशकापासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि सिंचनासाठी बोअरबंदी पाळली. पाण्याचा ताळेबंद मांडून, जास्त पाणी पिणारी पिके टाळून ग्रामसभेत पीक नियोजन केले. माथ्यावर गवत, उतारावर समपातळी चर, पाण्यानुसार खालची पिके, म्हणजे क्षमता वर्गांचीच ही अंमलबजावणी झाली. तिचे बळ ग्रामसभेच्या संमतीत होते.

गायरान हा दुसरा विषय. माळरान ‘पडीक’ दिसत असले तरी ते चाऱ्याचे आणि पाणलोटाचे क्षेत्र असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे नियमित करू नयेत, अशी स्पष्ट भूमिका घेतली. आता सौर प्रकल्पांसाठीही गायरान मागितले जाते. अशा वेळी कोणता भाग चराईचा, कोणता पाणलोटाचा आणि कोणता द्यायला हरकत नाही, हे ग्रामसभेने आधीच नकाशावर निश्चित केलेले असावे. प्रस्ताव आल्यावर घाईने ठरवणे अवघड जाते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. उन्हाळ्यात खड्डे घ्या. गटात जमिनीचा रंग किंवा उतार बदलतो तेथे प्रत्येकी एक, मुरूम लागेपर्यंत. खोली टेपने मोजा. खड्ड्याच्या बाजूला चुनखडीचे खडे दिसतात का ते पाहा. फळबाग लावायची असल्यास मुक्त चुन्याचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासूनच निर्णय घ्या.

२. गटाचा कच्चा नकाशा काढा. गाव नकाशावरील गटाची प्रत घेऊन त्यावर हलकी, मध्यम, भारी जमीन, उताराची दिशा, विहीर, ओढा आणि पाणी साचण्याची जागा दाखवा. पुढची पेरणी या नकाशावरून ठरवा.

३. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ काढून वाचा. क्षेत्र, पोटखराब, वारस, इतर हक्क, विहीर व झाडे तपासा. लिहिण्यातील चूक असल्यास महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जाची पोच घ्या.

४. ई-पीक पाहणी दर हंगामात मुदतीत करा. आंतरपीक, बांधावरची झाडे, सिंचनाचे साधन हेही भरा. नोंद झाल्यावर गाव नमुना १२ वर ती आली का ते पाहा.

५. हद्दीचा वाद असल्यास मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम किंवा पोटहिस्सा मोजणीचा अर्ज द्या. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर संहितेचे कलम १४३, आणि असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते.

६. झोन दाखला व भाग नकाशा घ्या. विहीर, शेततळे, गोठा, शेडनेट किंवा फळबाग असा मोठा खर्च करण्यापूर्वी नगररचना कार्यालयातून आपल्या गटावर प्रस्तावित रस्ता किंवा आरक्षण आहे का ते तपासा. जमीन विकत घेताना तर हे आवश्यकच आहे.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

गावात पीक नियोजनाची बैठक घेताना फक्त बियाणे व खतांची यादी घेऊन जाऊ नये. गाव नकाशाची मोठी प्रत भिंतीवर लावावी आणि जाणत्या शेतकऱ्यांकडून हलकी-भारी जमीन, जुने ओढे, बुजलेले नाले, क्षारपड पट्टे त्यावर रंगवून घ्यावेत. प्रत्येक पट्ट्यात दोन-तीन खड्डे घेऊन खात्री करावी. हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवून ठरावासह ग्रामपंचायत विकास आराखड्याला जोडावा आणि एक प्रत तहसील कार्यालयात द्यावी. पुढे प्रादेशिक योजनेवर हरकत घ्यायची, भूमिगत निचऱ्याचा प्रस्ताव करायचा किंवा गायरानाबाबत मत द्यायचे, तर गावाच्या हातात स्वतःचा मातीचा नकाशा असेल. शक्यतो ही बैठक रब्बीच्या काढणीनंतर, खड्डे घेण्याच्या काळातच लावावी, म्हणजे खरिपाच्या पेरणीपूर्वी नकाशा तयार होतो.